जर्मनीची ४० हजार गावं प्लेगनं रातोरात रिकामी केली नाहीत

‘१३४९मध्ये प्लेग आला आणि जर्मनीतली ४० हजार गावं एका रात्रीत ओस पडली. चुलीवरची भांडीसुद्धा तशीच राहिली.’ जंगलातल्या पडक्या चर्चच्या फोटोखाली हा मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. प्लेगनं तिथे अतोनात माणसं मारली, यात वाद नाही. पण या दोन वाक्यांत बाकी बरंच चुकलं आहे.

४० हजार हा आकडा शेतीचे इतिहासकार विल्हेल्म आबेल यांच्या अंदाजातून येतो. १३००च्या सुमारास सुमारे १ लाख ७० हजार वस्त्या होत्या, पंधराव्या शतकाच्या मध्याला १ लाख ३० हजार उरल्या, असं त्यांचं गणित. म्हणजे ही घट जवळपास दीडशे वर्षांची आहे, आणि तिच्यात लहानसहान वाड्याही धरलेल्या आहेत. तिला एका सालाच्या नावावर टाकणं चूक.

‘प्लेगनं’ हा शब्दही तपासायला हवा. प्लेगच्या आधीच १३१५ ते १३१७चा मोठा दुष्काळ पडला होता. जुलै १३४२च्या महापुरानं उतारांवरची माती खरवडून नेली होती. त्याआधीच्या दोन-तीन शतकांत माणसं वाढली तशी जंगलं तोडून हलक्या, चढावरच्या जमिनीही नांगराखाली आल्या होत्या. नावाच्या शेवटी ‘रोडे’ असलेली कितीतरी गावं अशीच वसली. त्याचा अर्थच जंगल साफ करून काढलेली जागा. प्लेगनंतर खाणारी तोंडं कमी झाली, धान्याचा भाव पुढे पडत गेला आणि शहरात मजुरी वाढली. खाली चांगली जमीन मोकळी असताना वरच्या मुरमाड शेतात कोण राबेल? अनेक गावं प्लेगनं नव्हे, तर जिवंत राहिलेल्या शेतकऱ्यांच्या या निर्णयानं ओस पडली. मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्या मजकुरात नेमकी हीच माणसं गायब आहेत.

प्रत्येक गावाची गोष्टही वेगळी. हार्त्स पर्वताच्या दक्षिणेला होहेनरोडे इथे पाउल ग्रिम यांनी १९३५ ते १९३७ या काळात उत्खनन केलं. ते गाव चौदाव्या शतकात सुटलं. त्याच पर्वताच्या नैऋत्य पायथ्याचं क्योनिग्सहागन मात्र प्लेगनंतर सत्तर वर्षं टिकलं आणि १४२०च्या सुमारास नष्ट झालं.

काही जण ‘प्लेग नव्हे, तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्यानं जाळली’ असं उत्तर देतात. तेही बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही. ते युद्ध १६१८ ते १६४८चं; यांतली बरीच गावं त्याआधीच दीड-दोनशे वर्षं रिकामी होती, आणि युद्धात उजाड झालेली पुष्कळशी पुन्हा वसली.

शिवाय गाव उठलं म्हणजे शिवार मेलं असं नाही. आपल्या महसुली कागदांत ‘बेचिराग’ गाव असतं: तिथे दिवा लागत नाही, पण जमीन नोंदीत असते, शेजारच्या गावचे लोक ती कसतात. जर्मन भाषेत अशा जागेला ‘व्यूस्टुंग’ म्हणतात. तिथेही अनेक शेतं शेजारच्या गावानं कसली आणि उठलेल्या गावाचं नाव शेताच्या नावात राहिलं. बाकीच्या जमिनीवर रान वाढलं. त्या झाडांखाली जुन्या नांगरटीचे लांबलचक वरंबे काही ठिकाणी आजही दिसतात.