मुलाखतीतला मागचा आवाज

सामाजिक शास्त्रांच्या संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी की वापरू नये, यावर मुंबईतल्या चर्चासत्रांत अजूनही हिरिरीने वाद होतात. पण नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून त्यापासून पूर्ण लांब राहिलेला संशोधक विद्यार्थी आता शोधूनच काढावा लागेल. तेव्हा खरा प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे. माझे मत असे, की शोधण्याचे काम यंत्राला खुशाल द्यावे, ऐकण्याचे मात्र स्वतःकडे ठेवावे.

शोधण्यातला फायदा नाकारण्यात अर्थ नाही. १८९६च्या प्लेगपासूनच्या सरकारी कागदपत्रांत एखाद्या चाळीचा उल्लेख हाताने धुंडाळायचा, तर महिने जातात. मोडीतल्या हस्तलिखितांचे वाचनही यंत्राला शिकवता येते. फक्त त्यासाठी आधी कोणीतरी शेकडो पाने स्वतः वाचून, देवनागरीत उतरवून त्याच्यापुढे ठेवावी लागतात, हे आपण सोयीने विसरतो. मोडी जाणणारी माणसे कमी होत असताना यंत्र ती उणीव भरून काढेल, ही आशा म्हणूनच मला भाबडी वाटते.

मुलाखतींचे प्रकरण वेगळे आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाविषयी लालबाग-परळच्या वृद्ध कामगारांशी अनेक विद्यार्थी बोलतात. अशीच एक मुलाखत मी ऐकली. आजोबा दत्ता सामंतांच्या सभांविषयी भरभरून सांगत होते, आणि आतल्या खोलीतून आजींचा आवाज येत होता, ‘घर कशावर चाललं ते पण सांगा की.’ आजोबा क्षणभर थांबले, विषय बदलला आणि पुन्हा सभेवर आले. यंत्राने केलेल्या लिखित प्रतीत आजींचे वाक्य नव्हते. आजोबांचे थांबणेही नव्हते. दोन परिच्छेद एकमेकांना गुळगुळीत जोडलेले होते. आता संप काळात गिरणगावातली घरे कशी तगली हाच ज्याचा विषय आहे, त्याच्यासाठी त्या तासाभरातला सर्वांत मोलाचा पुरावा नेमका गाळला गेला होता. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांनी किती कुटुंबांना हात दिला, आणि १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना बँकेचे कर्ज कसे मिळवून दिले, हा इतिहास असा मागच्या आवाजांतूनच हाती लागतो.

लिखित प्रत स्वतः तयार करणे ही हमाली आहे, असे विद्यार्थी म्हणतात. हमाली आहेच, पण विश्लेषणाची सुरुवातही तिथेच होते. एकच वाक्य चार वेळा मागे नेऊन ऐकताना माणूस कुठे अडखळला, कुणाचे नाव टाळले, कुठे मालवणीवर घसरला, हे लक्षात येते. त्यानंतर यंत्राची प्रत ताडून पाहायला हरकत नाही.

याहून मला धास्ती वाटते ती कृत्रिम उत्तरदात्यांची. ‘चाळीस वर्षांची, घरकाम करणारी, मानखुर्दची स्त्री’ असे वर्णन देऊन भाषिक प्रारूपाकडूनच, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या यंत्राकडूनच, प्रश्नावली भरून घेण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. प्रश्नावलीची भाषा तपासण्यापुरते ते ठीक. पण असे प्रारूप शिकते ते लिहिल्या गेलेल्या मजकुरावर, आणि मानखुर्दच्या त्या बाईने इंटरनेटवर कितीसे लिहिले असणार? तिच्याविषयी इतरांनी जे लिहिले, तेच तिच्या तोंडी घालून आपल्याला परत मिळते.

आपले नियम मात्र अजून उसनवारी मोजण्यातच अडकले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातल्या मजकुराचे इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असले, तर शिक्षा नाही. यंत्राने नव्याने रचलेला परिच्छेद त्या चाळणीतून अलगद निसटतो, त्यात एकही क्षेत्रभेट झालेली नसली तरी. (अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ यंत्र देते तो प्रकार निराळा; तो निदान ग्रंथालयात गेले की उघडकीस येतो.)

शिवाय संमतीचे काय? ज्या आजोबांनी ‘फक्त तुमच्या अभ्यासासाठी’ म्हणून सही केली, त्यांचा आवाज कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर चढवताना त्यांना पुन्हा विचारले होते का? संमतीपत्रात त्यासाठी एक स्वतंत्र, मराठीतली ओळ असायलाच हवी. आणि मौखिक परीक्षेत परीक्षकांनी प्रबंधाची पाने चाळण्याआधी एखाद्या मुलाखतीची दहा मिनिटे तिथेच लावावीत, आणि विद्यार्थ्याला विचारावे, की मागे कोण बोलते आहे.