खुलासा: मांजर सूड म्हणून घाण करत नाही

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: मांजर तिच्या वाळूच्या पेटीबाहेर शू करते ती राग काढायला, तिचं नाक त्यात घासा, फरशीवर फिनाईल ओता. हे चुकीचं आहे. नाक घासल्याने ती फक्त घाबरते आणि लपायला दुसरा कोपरा शोधते. फिनाईल तर मांजराला विषारी. ओल्या फरशीवरून चालून ती तेच पंजे चाटते.

कारण बहुधा साधं असतं: वाळू रोज उपसलेली नाही, किंवा पेटी ऐन मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याखाली. तिथे आपण तरी जाऊ का? पण बोका सारखा बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा लगेच पशुवैद्यकाकडे न्या. उशीर झाला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. कोणताही पशुवैद्यक हेच सांगेल.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.