फौज असली की छोटा देश टिकतो? आपलाच १७ सप्टेंबर आठवा

आठ दिवसांपासून गावाकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. छोट्या देशाला स्वतःची फौज नसली तर तो चार दिवस टिकत नाही, टिकला तर दुसऱ्याचा गुलाम म्हणून, अन् घरात शांतता फौजेमुळंच राहते.

चार दिवसांचं आधी बघू. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकानं १ डिसेंबर १९४८ ला फौज मोडली, तेव्हाचे सरकारप्रमुख होसे फिगेरेस यांनी छावणीच्या भिंतीवर स्वतः घण घातला, त्या छावणीत आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. महिना उलटायच्या आत शेजारच्या निकाराग्वातून घुसखोर आले, १९५५ ला परत आले, दोन्ही वेळेस अमेरिकी देशांची संघटना मध्ये पडली अन् देश आजपण तिथंच आहे. आणि फौज असलेल्यांचं काय झालं? कुवेतकडं रणगाडे, विमानं सगळं होतं, १९९० मध्ये दोन दिवसांत गेला. लांब कशाला, त्याच १९४८ ला आपल्या निजामाकडं फौज होती की, १३ सप्टेंबरला भारताचं सैन्य शिरलं अन् १७ ला खेळ खलास.

गुलामीचं म्हणाल तर आइसलँड बघा, त्यालाही स्वतःची फौज नाही. नाटोत, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीत आहे, २००६ पर्यंत अमेरिकेचा तळ पण होता, म्हणजे आधार दुसऱ्याचाच, हे मान्य. पण मासेमारीच्या हद्दीवरून हाच देश नाटोतल्याच ब्रिटनला भिडला, कोस्ट गार्डच्या बोटींनी मागं कटर ओढत नेऊन ब्रिटिश ट्रॉलरच्या जाळ्यांचे दोर तोडले, समोर ब्रिटनच्या युद्धनौका असताना! १९७६ ला ब्रिटननं २०० मैलांची हद्द मान्य केली. गुलाम असं करतो का?

अन् घरातली शांतता, हे वाचून तर जीवच जळला. माझी आज्जी सांगायची, रझाकार आले म्हणलं की बाया लेकरं घेऊन ज्वारीच्या वावरात दडायच्या, लेकरू रडू नये म्हणून तोंडावर पदर दाबायच्या. रझाकार म्हणजे फौज नव्हे, बरोबर, पण निजामाची फौज त्यांना आडवी आली नाही.

सगळ्यांनी फौज मोडावी असं मी म्हणत नाही. १९८८ ला मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोर घुसले तेव्हा आपले जवान विमानानं गेले म्हणून निभावलं. भूताननं २००३ मध्ये जंगलातले अतिरेक्यांचे तळ स्वतःची छोटी फौज पाठवून उठवले, तिथं ती लागलीच.