जेसीबी आहे की! मग छोटा ट्रॅक्टर कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितो. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: फाटकापासून घरापर्यंतचा मुरमाचा रस्ता छोट्या ट्रॅक्टरला पातं जोडून कसा राखायचा, असा तो विषय होता. त्यावर तुमचं म्हणणं असं, की ही सगळी हौस आहे. एक तास जेसीबी बोलवा, दोन गाड्या मुरूम टाका, विषय संपला. दुसरं, अमेरिकेतले गवत कापायचे ट्रॅक्टर दाखवून लोकांना भरीला घालू नका, मुरूम ओढताना त्यांचा मागचा गिअर जातो. तिसरं, काळ्या मातीत हे करणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि ‘खड्डा भरू नका’ हा माझा सल्ला तुम्हाला ‘अफलातून’ वाटला.

यात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘आमच्या भूगावच्या प्लॉटवर आम्ही दरवर्षी मे महिन्यात जेसीबी लावून घेतो.’ दरवर्षी? मग विषय संपला कुठे?

मे महिन्यात नेमकं काय होतं ते आठवून पाहा. ट्रॉली येते, मुरमाचे ढीग पडतात, ऑपरेटर बकेटच्या पाठीने ते मागे मागे ओढत पसरवतो. रस्ता गुळगुळीत दिसतो, आपण फोटो काढतो. पण तो दिसतो सपाट, आणि कच्च्या रस्त्याला सपाटपणा अजिबात मानवत नाही. त्याला मधे उंची हवी आणि दोन्ही अंगांना उतार. साधारण चार टक्के धरा. तीन मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सहा सेंटिमीटर वर. एवढ्याशा फरकावर सगळं अवलंबून असतं. तो असला की पाणी आडवं वाहून चरात पडतं. नसला की चाकोरीत शिरतं आणि उभं धावत सुटतं, जाताना मुरमातली बारीक माती घेऊन जातं. मागे उरतात फक्त टोकदार दगड. हात बसलेला ऑपरेटर बकेटनेसुद्धा सुरेख कॅम्बर (हाच मधून दोन्हीकडे जाणारा उतार) काढून देतो, मी पाहिलंय. पण मे महिन्यात त्याच्या खिशात फोन सारखा वाजत असतो आणि पुढची साइट वाट पाहत असते. तुमच्या सहा सेंटिमीटरसाठी तो थांबेल का?

तेव्हा माझं म्हणणं जेसीबीच्या विरोधात नाही. चर खोदायला, मोरीचा पाइप बसवायला, मधला धोंडा उपटायला त्याच्यासारखं यंत्र नाही. पण रस्ता घडवणं वेगळं आणि राखणं वेगळं. राखायचं काम थोडं थोडं, वेळच्या वेळी करायचं असतं. साडेसात टनांचं धूड त्यासाठी ऊठसूट बोलावणं परवडत नाही, म्हणून आपण ते वर्षभर साचू देतो.

आता खड्ड्याचं. भरू नका म्हणजे तसाच ठेवा असं मी म्हटलं नव्हतं. एखादा जुना खड्डा कोरडा असताना जवळ बसून बघा. तळ चाकांनी दाबून दाबून घट्ट झालेला असतो, कडा कठीण असते. त्यात सैल मुरूम ओतला की तो तळाला धरतच नाही. पाऊस पडला, चाक आपटलं, की पाण्याबरोबर बारीक माल बाहेर उडतो आणि चार सरींत खड्डा जिथल्या तिथे. उपाय एकच: खड्डा जितका खोल, तितक्या खोलीपर्यंत आजूबाजूचा थर फणांनी उकरायचा, सगळा माल एकजीव करायचा, मग पसरून दाबायचा. खड्डा भरायचा नाही, मोडायचा.

हे उकरायचं काम छोटा ट्रॅक्टर झेपवतो का, हा तुमचा खरा प्रश्न. इथे अमेरिकेचा मुद्दा येतो. तिकडे ‘लॉन ट्रॅक्टर’ म्हणजे नुसतं गवत कापायचं वाहन; त्याला पातं लावून मुरूम ओढायला गेलात तर मागचा गिअर खरंच जाईल, तिथे तुमच्याशी सहमत. पण ‘गार्डन ट्रॅक्टर’ ही त्यापेक्षा दणकट जात आहे. चौकट जाड, चाकं मोठी, जमिनीत अवजार घालून ओढण्यासाठीच बांधलेला. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये कब कॅडेट काढला, जॉन डिअरने १९६३ मध्ये ११० हे मॉडेल आणलं, तेव्हापासून तिकडचे लोक या यंत्रांनी घरापुढचे खडीचे रस्ते ओढत आलेत. (जॉन डिअरचा कारखाना आपल्या पुण्याजवळ सणसवाडीत आहे, पण तिथे शेतीचे ट्रॅक्टर बनतात.) आपल्याकडे त्या जागी द्राक्षबागेत फिरतो तो पंधरा-वीस अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर धरा. लेखात मी तोच धरला होता. याला थ्री पॉइंट लिंकेज (मागे अवजार तीन ठिकाणी अडकवायची जोडणी) असतं, ते अवजार वरखाली करणारं हायड्रॉलिक असतं, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याच्या मापाची, फण आणि पातं असलेली लेव्हलरची पेटी बनवून घेता येते. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं की चाक घसरणं बरंच कमी होतं.

ट्रॅक्टर फिरवला की उलट रस्त्यावरच लाटा पडतात, असंही तुम्ही लिहिलंय. पडतात, आणि त्याचं कारण बहुतेकांना कोणी सांगत नाही. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरवर हायड्रॉलिकचे दोन कंट्रोल असतात. नांगरताना ड्राफ्ट कंट्रोल वापरतात, कारण जमीन जड लागली की अवजार आपोआप थोडं वर उचललं जातं. रस्त्यावर हाच गुण अंगाशी येतो: कठीण जागी पातं वर, मऊ जागी खाली, झाली लाट तयार. म्हणून दुसऱ्या, म्हणजे अवजार ठरवलेल्या उंचीवर धरून ठेवणाऱ्या पोझिशन कंट्रोलवर ठेवा. दुसरं म्हणजे टॉप लिंक, तीन जोडण्यांपैकी वरचा, लांबी कमीजास्त करता येणारा दांडा. आखूड केली की पेटी पुढे झुकते आणि फण रुततात. लांब केली की मागची धार टेकते आणि माल नुसता पसरत जातो. उकरताना आखूड, शेवटचा हात फिरवताना लांब. नुसतं पातं असेल तर ते तिरकं लावा म्हणजे कडेला वाहून गेलेला मुरूम वरंब्यासारखा मधे सरकतो. तो वरंबा पात्याच्या टोकावरून सारखा गळत राहिला पाहिजे. गळायचा थांबला तर पातं माल कापत नाहीये, नुसतं फिरतंय.

आणि वेळ. मेमध्ये मुरूम वाळलेला, धुळीसारखा. कितीही ओढा, बसत नाही. जुलैत रबरबाट. शेतकरी पेरणीला वाफसा बघतो तसाच रस्त्यालाही वाफसा लागतो, म्हणजे ओल हवी पण चिखल नको. जूनच्या पहिल्या चांगल्या सरींनंतर उघडीप मिळाली की तो दिवस, नाहीतर परतीचा पाऊस ओसरल्यावर. पुण्यात शिवाजीनगरला वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. ताम्हिणीला एका मोसमात पाच हजारांच्या पुढे. मुळशीच्या रस्त्याने तुम्ही जितके पश्चिमेला जाल तितका हा प्रश्न पातं कुठलं यापेक्षा चर किती खोल याचा होत जातो.

दाबण्याबाबत ट्रॅक्टरवर विसंबू नका, हे मूळ लेखातही होतं. पाणी मारून छोटा व्हायब्रेटरी रोलर भाड्याने आणावा. मालाचा हिशेबही करूनच गाड्या मागवा: साठ मीटर लांब, तीन मीटर रुंद, दहा सेंटिमीटर थर म्हणजे १८ घनमीटर, साडेसहा ब्रासला (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडं कमी. दाबल्यावर बसतो म्हणून आठ धरा. ‘दोन गाड्या’ हे माप नाही. मुरमाची सरकारी रॉयल्टी भरल्याची पावती मागायला विसरू नका.

काळ्या मातीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, आणि वरचा मुरूम गिळून टाकते. तिथे आधी वरची काळी माती काढून डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, करावं लागतं, आणि ते काम जेसीबीचंच. ते झाल्यावर वरचा थर राखायला ट्रॅक्टर. तीव्र चढावरही मी ट्रॅक्टर नेणार नाही. मिनी ट्रॅक्टरची चाकं जवळ जवळ असतात, तो आडव्या उतारावर कलंडायला वेळ लागत नाही. आणि पोरांना मडगार्डवर बसवून काम करायची आपल्याकडची सवय, तिच्याबद्दल काय बोलावं! ट्रॅक्टरवर एकच सीट असते, तिथे एकच माणूस.

तुमच्या प्लॉटबद्दल सांगायचं तर या मेमध्ये जेसीबी बोलवाच, पण मुरूम पसरायला नको. दोन्ही बाजूंचे चर खोदून घ्या आणि फाटकापाशी पाइप टाकून घ्या. मग जूनमध्ये गावातला कोणाचा तरी मिनी ट्रॅक्टर तासावर मिळतोच. जमल्यास भर पावसात छत्री घेऊन रस्त्यावर उभे राहा, पाणी कुठून शिरतं आणि कुठे बाहेर पडतं त्याचे फोटो इथेच टाका. चढ किती आहे आणि खाली माती काळी की मुरमाड, तेही लिहा. चर कुठल्या बाजूला खोल हवा ते त्यावरून सांगता येईल.