इंजिन नव्हे, आधी सिल: एमजीबीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दल सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, म्हणून उत्तरही लांबलं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: 'एमजीबी घेताना पत्र्यावर एवढा भर देऊन तुम्ही नवख्यांना घाबरवता, गाडीचं काळीज तर इंजिन, नुकती रंगवलेली गाडी उलट सगळ्यात सुरक्षित, आणि चाळीस वर्षांवरच्या गाडीला ब्रिटनमध्ये एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) लागत नाही, मग एवढी चिकित्सा कशाला?' शिवाय तुम्ही बर्मिंगहॅमजवळ १९७८ची लाल रोडस्टर बघून ठेवली आहे. तर त्याच गाडीबद्दल बोलू.

आधी इंजिन. एमजीबीचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन साधं, ओतीव लोखंडाचं. गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त निघाल्या. त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, हेड, सगळं आजही नवं मिळतं. तपासणीही सरळ. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका, थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ दे. मग वीसेक मिनिटं चालवा आणि ऑइल प्रेशरचा काटा बघा: ३००० आरपीएमला ५० पीएसआयच्या वर आणि आयडलला १५च्या आसपास असेल, तर काळजी नको. उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला, तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यांत सरकतात त्या नळ्या) झिजलेत. म्हणजे हेडचं काम निघालं, गाडी काही वाया गेली नाही.

आता सिल, म्हणजे दाराखालची लांब पोकळ पेटी. या गाडीला वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, आणि रोडस्टरला वर छतही नाही. सगळा ताण दारांखालच्या दोन सिलवर येतो. बाहेर दिसतो तो नुसता एक पत्रा. त्याच्या आत मेम्ब्रेन नावाचा उभा पत्रा, त्यामागे आतला सिल आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, असे थर मिळून पेटी बनते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फेंडरच्या मागच्या कोपऱ्यात साचतो, ओला राहतो आणि तिथून पेटी आतून सडत जाते. कोकणात खारा वारा गाडीचा पत्रा खातो. इंग्लंडात ते काम हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ करतं.

नुकत्या रंगाची मला धास्ती वाटते ती यामुळेच. बाहेरच्या सिलचं पुढचं टोक फेंडरच्या खालच्या भागाआड जातं. नीट बदलायचं तर फेंडर काढावा लागतो किंवा त्याचा खालचा भाग कापावा लागतो. घाईतला माणूस नवा सिल फेंडरच्या कडेपाशीच तोडतो, किंवा सडलेल्यावरच नवा पत्रा चढवतो, पुट्टी भरतो आणि रंग मारतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. दुसरी गफलत याहून वाईट: बॉडीला आतून आडवे टेकू न वेल्ड करता सिल कापला, तर गाडी मधून बसते आणि त्याच बसलेल्या आकारात नवा सिल जोडला जातो. मग दारांच्या फटी कधीच जुळत नाहीत.

तुमच्या लाल गाडीवर हे करून बघा. दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली सारखी आहे का, ते बघा. गाडी एका बाजूने तिच्या जॅक पॉइंटवर उचला आणि दार उघडून लावा. दार अडकलं किंवा फट बदलायला लागली, तर तिथूनच परत फिरा. जॅक आत रुतायला लागला तर तेच. (खाली वाकायचं तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर नाही.) लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सिलवर आणि फेंडरच्या खालच्या भागावर फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी. सीटमागचं झाकण काढून बॅटरीची पेटी बघा. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरभोवती टोकदार काहीतरी टोचा. आणि सिल कापल्यावेळचे फोटो मागा. ज्याने खरंच काम केलंय, तो ते हौसेने दाखवतो.

एमओटीचं म्हणाल, तर सूट मे २०१८पासून आहे आणि तुमची गाडी त्याच वर्षी चाळिशीत आली. म्हणजे त्यानंतर तिची चाचणी झालीच नसण्याची शक्यता आहे. जुन्या चाचण्यांचा इतिहास नंबर टाकला की फुकट दिसतो. शेवटच्या दोन-तीन चाचण्यांत गंजाचा शेरा असेल आणि नंतर थेट चकचकीत रंग, तर मधलं वेल्डिंग कुणी केलं ते विचारा. सूट असली तरी स्वखुशीने एमओटी करता येते. सौद्याआधी तशी अट घाला. धोकादायक गाडी रस्त्यावर आणणं सूट असूनही गुन्हाच आहे.

रबर बंपरवरून लोक नाक मुरडतात. मला तो मुद्दा फुगवलेला वाटतो. १९७४च्या शेवटी तो बंपर आला तेव्हा गाडी दीडेक इंच उंच झाली आणि पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) गेला, त्याने वळणावर ती झुलायची. पण तुमची १९७८ची आहे, तोवर बार परत आला होता. ओव्हरड्राइव्हही (त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारी जोडणी) मूळचा असणार, बटण गिअरच्या मुठीत. तो फक्त चौथ्यात लागतो, तेव्हा तिसऱ्यात लागला नाही म्हणून घासाघीस करू नका. चौथ्यात ३००० आरपीएमला बटण दाबल्यावर आरपीएमचा काटा साधारण २४५०वर यायला हवा. नाही आला तर आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघा, गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं ऑइल एकच. मग ओव्हरड्राइव्ह चालू करणाऱ्या सोलेनॉइडची वायर.

किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्या, मात्र विसरू नका. दर ३००० मैलांनी ग्रीस मागतात, आणि बरेच मालक ते देत नाहीत. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगूनही खेळ राहिला, तर तो चाकाच्या बेअरिंगचा नाही, किंगपिनचा.

सिलचे फोटो मिळाले तर इथेच टाका. कॅसल रेल त्यात दिसते का, ते बघून सांगतो.