ते दोन हजार डॉलर

अफगाण रॅपर सोनिता अलिजादेवरची डॉक्युमेंटरी काल पुन्हा पाहिली. झोप लागेना, म्हणून लिहितेय.

सोनिता मूळची अफगाणिस्तानातल्या हेरातची, तेहरानमध्ये निर्वासित म्हणून वाढलेली. एका संस्थेत साफसफाईचं काम करायची, तिथेच लिहा-वाचायला शिकली. तिच्या वहीत पॉप गायिका रिहानाचा फोटो आहे आणि त्या चेहऱ्यावर हिने स्वतःचा चेहरा चिकटवलाय. आईबाप कोण असावेत? तर रिहाना आणि मायकल जॅक्सन!

आणि खरी आई हेरातहून येते ती तिचं लग्न ठरवायला. भावाला बायको आणायची तर देज, म्हणजे मुलीच्या घरच्यांना पैसे, द्यावं लागणार, ते सोनिताच्या देजातून उभं करायचं. भाव नऊ हजार डॉलर. आईला खलनायिका ठरवणं मला जमत नाही. तिचंही असंच झालं होतं.

दिग्दर्शिका रुखसारे घाएम मघामी यांनी आईला दोन हजार डॉलर देऊन सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. यावरून त्यांच्यावर टीका झाली, कॅमेऱ्यामागच्या माणसाने मध्ये पडू नये म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. समोर पोर विकली जात असताना नुसतं शूटिंग करत राहायचं?

त्या मुदतीत, 2014 साली, सोनिताने विकल्या जाणाऱ्या मुलींवरचं रॅप केलं. इराणमध्ये बाईने एकटीने जाहीर गायला बंदी, म्हणून सगळं चोरून. अंगात नवरीचा पोशाख, कपाळावर बारकोड, चेहऱ्यावर माराचे वळ. सुरुवात तर चक्क कुजबुजत करते. ते ऐकून अंगावर काटा येतो. व्हिडिओ जगभर गेला, अमेरिकेतल्या युटाच्या एका शाळेने शिष्यवृत्ती दिली. पण पासपोर्टसाठी पुन्हा अफगाणिस्तानातच जावं लागलं, जिथे घरच्यांनी अडवलं असतं तर सगळं संपलं असतं. आईला तिने सांगितलं ते अमेरिकेत पोचल्यावरच. 2016 मध्ये डॉक्युमेंटरीला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले. तेव्हापासून ती बालविवाहाविरुद्ध बोलतेय, आणि आता आईही तिची गाणी ऐकते.

आठवीत माझ्या बाकावरची मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. आपल्याकडे गणित उलटं, पोरगी लहान तर हुंडा कमी. हे जुनं झालं असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आमच्या वर्गात मुदत मागायला कुणी आलं नाही. मी पोरगीच होते, पण मोठी माणसं होती ना!

लग्नसराईत असं काही कानावर आलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.