बायकोचे दागिने मोडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

समजा साल १९३२ आहे आणि तुम्ही दख्खनमधले कर्ते शेतकरी आहात. ज्वारी-कापसाचा भाव तीन वर्षांत निम्म्यावर आलाय. शेतसारा मात्र तीस वर्षांसाठी रोख रकमेत ठरलेला. तो बाजारभाव विचारत नाही, आणि सावकार तर नाहीच नाही. घाबरू नका. तुमच्या घरात एक पेढी आहे. ती सध्या चुलीपुढे भाकऱ्या थापतेय.

मुहूर्तही उत्तम आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. आपला रुपया १८ पेन्सांच्या दरानं त्याच पौंडाच्या दावणीला, त्यामुळे तोही घसरला आणि २१ रुपयांच्या आसपासचा तोळा बघता बघता तिशीकडे सरकला. तेव्हा दागिने मोडणं हा नाइलाज नव्हे, नफा आहे. सरकारी अर्थखातंही हेच म्हणतंय, आणि मुंबईहून लंडनला सोन्यानं भरलेल्या बोटी चालल्यात त्या अर्थातच तुमच्या भरभराटीच्या खुणा आहेत.

आधी चांदी काढू नका, तिचा भाव जगभर पडलाय. (जिच्या अंगावर चांदीच्या वाळ्यांपलीकडे काही नाही, तिच्या नवऱ्यानं हा लेख बाजूला ठेवून तिला खुरपणीला धाडावं. बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी, म्हणून काम चटकन मिळतं.)

सुरुवात पाटल्यांपासून करा. भरीव असतात, वजनाला सरळ. बोरमाळेत फसगत होते: मणी पोकळ, आत लाख. सोनार ती तापवून काढणार, आणि तराजूत उरलेलं बघून तुम्ही तिच्या माहेरचा उद्धार करणार. डाखाचा, म्हणजे जोडकामाच्या हलक्या धातूचा, सांधा कसोटीवर फिका उतरतो, त्याचे पैसे वेगळे कापले जातात. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. घटीच्या नावाखाली त्यातल्या किती गेल्या ते बघायला सोनारासमोरच बसा. घडणावळ विसरा. ती तुमच्या सासऱ्यानं भरली होती, म्हणजे नुकसान तुमचं नाहीच.

घरी ‘विकतो’ म्हणू नका, ‘ठेवतो’ म्हणा. ‘सुगीला सोडवून आणू’ हे वाक्य पाठ करा. कोणती सुगी ते सांगायचं नसतं. गळ्यात काळी पोत आणि एखादा मणी पुरतो. हात मोकळे झाले की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आपणहून जायची बंद होते. कुणी बोलावलंच तर कणकण आलीय म्हणून सांगते. वाणाचा खर्च वाचला.

स्त्रीधनाला हात लावल्याचं पाप लागेल, ही भीतीही नको. स्मृतिकार याज्ञवल्क्यानं सोय करून ठेवलीय: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा अडवणूक-बंदिवास अशा वेळी नवऱ्यानं घेतलेलं स्त्रीधन परत करणं त्याच्यावर बंधनकारक नाही. मंदी या यादीत नाही हे खरं. पण ‘दुर्भिक्ष’ हा शब्द ताणला की बसतो, आणि ताणायला गावात भटजी आहेतच.

आता महत्त्वाचं, वही. सावकाराकडे रक्कम भरताना भरणा तुमच्या खात्यावर जमा मांडून घ्या. सोनं तिचं गेलं, जमीन तुमची सुटली, आणि मधला दुवा भट्टीत वितळला. पुतळीमाळ, गोट, पाटल्या असं वहीत कुठंच दिसता कामा नये. लेकीच्या लग्नात ‘तुझ्या आईचं होतं ते कुठं गेलं’ असं कुणी विचारलं, तर पाऊसपाण्याचा विषय काढा.

आणि तुमच्या पश्चात? १९३७ मध्ये केंद्रीय कायदेमंडळातल्या डॉ. देशमुखांच्या विधेयकातून विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता हिस्सा देणारा कायदा होईल. तेव्हा छातीत धस्स होऊ देऊ नका. १९४१ मध्ये फेडरल कोर्ट सांगेल की तो शेतजमिनीला लागू नाही. तिच्या पाटल्यांनी सोडवलेलं वावर भाऊबंदांकडे सुखरूप जाऊ शकेल.

नथ मात्र तिला राहू द्या. कल्चर्ड मोती आले, त्यात मंदी, त्यामुळे खऱ्या मोत्यांचा बाजार कधीच बसलाय आणि तारेतलं सोनं ते कितीसं असणार? सोनारानं ती परत केली, की घरी येऊन चारचौघांत सांगा: ‘नथीला मी हात लावला नाही हो.’